सतरा नंबरचे ससे

हृदयाचा काप कोमट द्रावणात सोडला की वीस मिनिटांत जिवंत स्नायू विटकरी लाल होतो. मेलेला स्नायू तसाच राहतो, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा. मग तो पांढरा भाग कापून तराजूत घालायचा. हृदयाचं किती नुकसान झालं ते तेव्हा कळतं. ही रीत मी १९७८ च्या उन्हाळ्यात लेनिनग्राडला दोन महिने राहून शिकले. आमच्या फ्रुंझे शहरात ती येणारी त्या वेळी मी एकटीच होते. शहराचं नाव पुढे बदललं, आमच्या हृदयरोग संस्थेची इमारतही आता दुसऱ्याच कसल्या तरी कार्यालयाकडे आहे. पण ऑगस्टमधली ती सकाळ मला अजून दिसते. प्रोफेसर मुकाश अब्दिरायेविच माझ्या हातातला ट्रे घेऊन खिडकीपाशी गेले आणि एकेक काप उजेडात धरून बघू लागले.

ते युद्धात फौजेबरोबर सर्जन होते. छातीवर हात दाबून मरणारी पोरं त्यांनी पाहिली होती, आणि नंतर शांततेच्या काळात तशीच मरणारी चाळिशीची माणसं. रक्त थांबलं की हृदयाचा स्नायू तासाभरात मरायला लागतो. तो तास लांबवणारं औषध सापडावं, एवढ्या एकाच गोष्टीमागे ते वीस वर्षं होते. आमच्या डोंगरातले धनगर खिंड चढताना एक कडू मुळी चघळतात. तिचा अर्क आम्ही काढला होता. त्याआधीचे सोळा अर्क फुकट गेले होते, म्हणून याचं नाव सतरा नंबर.

प्रयोग साधा होता. तळघरात सशांचे पिंजरे होते. निळ्या खुणेच्या सशांना नुसता कोंडा आणि लाल खुणेच्यांना कोंड्यात कालवलेला सतरा नंबर, असं चाळीस दिवस खायला घालायचं. मग सशाला भूल द्यायची, छाती उघडायची, हृदयाची एक रक्तवाहिनी दोऱ्याने अर्धा तास बांधायची आणि गाठ सोडायची. त्यानंतर हृदय माझ्याकडे यायचं. निळ्या खुणेच्या सशांत जिथे रक्त अडलं होतं त्यातला जवळजवळ निम्मा स्नायू पांढरा निघाला. लाल खुणेच्यांत पाव हिस्सासुद्धा नाही.

"सैकाल," प्रोफेसर शेवटी म्हणाले, "हे लाल बघ."

मी बघत होते. आणखीही दोन गोष्टी मला दिसल्या होत्या. औषध घेतलेल्या सशांचं रक्त दाट होतं, सुईतून लवकर उतरत नव्हतं. त्यांच्या हृदयाची उजवी बाजूही थोडी जाड भरत होती. दोन्ही मी वहीत लिहिल्या. प्रोफेसर म्हणाले, मुळीचा गुण असेल. मीही म्हटलं, असेल. आता वाटतं, ती ओळ लिहिताना हात थांबायला हवा होता.

पुढच्या वसंतात चाळीस रुग्णांपुरती परवानगी मिळाली. त्यांच्यातला एक माझा भाऊ होता. त्याला मीच घातलं.

बेकमुर्झा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. आमचे वडील युद्धावरून परतले नाहीत. त्या हिवाळ्यात त्याने शाळा सोडली आणि सामुदायिक शेताचे घोडे हाकायला लागला, बारा वर्षांचा असताना. मला फ्रुंझेला शिकायला पाठवायचं ठरलं तेव्हा गावातल्या बायका आईला म्हणाल्या, मुलीला एवढं कशाला? त्याने तोकमोकच्या बाजारात आपलं लोकरीचं जाकीट विकून मला बूट घेऊन दिले आणि तो हिवाळा आईच्या जुन्या शालीवर काढला. गावची पोरं त्याला आजीबाई म्हणायची. तोही आजीबाईसारखा वाकून चालून दाखवायचा.

सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याला हृदयाचा झटका आला. तेव्हापासून तो नाडी संथ ठेवणाऱ्या गोळ्या घेत असे. आमच्या प्रयोगाचा नियम होता, एका वेळी एकच औषध, नाहीतर गुण कुणाचा ते कळणार कसं? म्हणून एप्रिलमध्ये त्याच्या गोळ्या बंद झाल्या आणि रोज सकाळी न्याहारीआधी एक चमचा सतरा नंबर सुरू झालं. गाठीभेटीला येईल त्याला तो सांगायचा की हे माझ्या बहिणीने केलंय, चव मात्र घोड्याच्या घामासारखी आहे.

त्या उन्हाळ्यात त्याच्या छातीत फारसं दुखलं नाही. संस्थेचे तीन मजले तो न थांबता चढून आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "सशांना बरं केलंस, आता बैलालाही केलंस." प्रोफेसर त्याच्याबरोबर बसून चहा प्यायले. मी त्या दिवशी फार सुखी होते.

सप्टेंबर संपत आला होता. बारा ऑक्टोबरला मॉस्कोहून समिती यायची होती. तिने होकार दिला की औषध चाळीसांवरून चारशेंवर जाणार होतं. सशांची नवी तुकडीही सुरू केली आहे असं समितीला सांगता यावं म्हणून प्रोफेसरांनी मला तळघरात पाठवलं.

तळघराची राखण जिच्याकडे होती तिचं नाव बुरुलचा, मोठी म्हणून सगळे तिला आपा म्हणायचे. साठीची बाई, आयुष्यभर मेंढ्या राखलेली. नवरा गेल्यावर शहरात मुलीकडे आली आणि आमच्याकडे लागली. लिहिता फारसं येत नव्हतं, रोजच्या तक्त्यात ती बरोबरच्या खुणा करायची, पण जनावराची नाडी तिच्या बोटांना कळायची. मी तिला म्हटलं, आपा, नवे ससे आलेत, निम्म्यांना उद्यापासून औषध सुरू करायचं.

तिने पिंजरा पुसता पुसता मान वर केली. "आत्ता? आता कुठे पाठवू यांना? मंडळी खाली उतरली. खिंडीत बर्फ पडलंय."

मला वाटलं, तिचा काही घोटाळा झालाय. "कुणाला कुठे पाठवायचंय?"

"सशांना. कुरणावर."

मी तिथेच एका उलट्या बादलीवर बसले आणि तिने मला सगळं सांगितलं. काही लपवलंय असं तिच्या गावीही नव्हतं. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तळघर भट्टीसारखं तापलं होतं. मी लेनिनग्राडला, प्रोफेसर परिषदांना, बाकीचे तलावावर सुट्टीला. तिचा मुलगा वर सुसामिरच्या कुरणांवर मेंढ्या घेऊन गेला होता आणि संस्थेचा ट्रकचालक तिचा भाचा. लाल खुणेचे पिंजरे तिने ट्रकवर चढवले आणि चाळीस दिवस खिंडीपलीकडे, ढगांच्या बरोबरीला, मुलाच्या तंबूशेजारी ठेवले. निळ्या खुणेचे ससे मुलीच्या हवाली करून तळघरात ठेवले.

"लाल तेवढेच का नेले, आपा?"

"निळ्यांना काय धाड भरली होती? ते धडधाकट होते. औषध यांना चालू होतं. औषध चालू असलेल्या जिवाला कुणी बिळात कोंडून ठेवतं का? तुझ्या आईला छातीचा खोकला झाला तेव्हा तिला कुठे नेलं होतं, सांग?"

वरच नेलं होतं. गोळ्यांची पुडी कमरेला बांधून, घोडीचं आंबवलेलं दूध प्यायला, पूर्ण उन्हाळा. आमच्याकडे सगळे तसंच करतात. आजारी माणसाला औषध देऊन खोऱ्यात ठेवलं तर शेजारी मुलांना नावं ठेवतात.

"आणि औषध?"

"रोज दिलं. एक दिवस चुकवला नाही. सुनेने मला वेड्यात काढलं. म्हणाली, लोक मेंढ्या घेऊन वर येतात, आमच्या सासूबाई लांब कान घेऊन आल्या."

"तुम्ही हे कुणालाच कसं सांगितलं नाही?"

"विचारलं कुणी?" ती म्हणाली. "वास येतो म्हणून तुमच्यातलं एक माणूस तरी खाली उतरलं होतं का?"

मला पुढचं कुणी समजावण्याची गरज नव्हती. उंचावर विरळ हवेत महिनाभर राहिलं की रक्त दाट होतं. हृदयाची उजवी बाजू जाड होते. आणि थोड्या हवेवर जगायला शिकलेलं हृदय रक्त अडलं तरी उशिरा मरतं. हे आमच्याच संस्थेच्या कपाटांतल्या पुस्तकांत होतं. डोंगराने माझ्या वहीत दोनदा सही करून ठेवली होती आणि मी ती मुळीची म्हणून वाचली होती.

प्रोफेसरांनी ऐकून घेतलं आणि आधी दार लावलं. मग विचारलं की आणखी कुणाला माहीत आहे. मी म्हटलं, आपाला आणि मला. ते चष्मा काढून पुसत राहिले. ते म्हणाले, समिती येऊ दे, जाऊ दे. मग आपणच प्रयोग पुन्हा करू, सगळे ससे एका तळघरात. औषधात काहीच नाही असं तरी कुठे सिद्ध झालंय? हे बरोबर होतं. थोडा गुण मुळीचा असू शकत होता. सगळा डोंगराचा असू शकत होता.

"आणि ते चाळीस जण?" मी विचारलं. "त्यांच्या जुन्या गोळ्या आपण बंद केल्यात."

"ते बरे आहेत. तुझा भाऊ जिने चढतो."

मी उठायला लागले.

"दोन आठवडे, सैकाल. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही."

नव्हतंच मागितलं. खोली त्यांनी मिळवून दिली होती, लेनिनग्राडला त्यांनी पाठवलं होतं, आईच्या अंत्यविधीला ते स्वतः गाडी चालवत गावी आले होते. मी बरं म्हटलं. दबावाखाली म्हटलं, असं पुढे लोकांनी माझ्या वतीने म्हटलं. पण त्या खोलीत कुणी आवाजसुद्धा चढवला नव्हता.

चाळीस जणांचं मी दोन आठवड्यांवर सोडलं. एकाचं सोडवेना. ओळखीच्या औषधवालीकडून त्या जुन्या गोळ्यांची मेणाने बंद केलेली बाटली घेतली आणि रविवारी सकाळच्या बसने गावी गेले. मनाशी ठरवलं होतं की बेकमुर्झाला बाजूला घेऊन सगळं सांगायचं.

फाटकाशी पोचले तर अंगणात मोठी कढई चढलेली. मी येणार म्हणून त्याने मेंढी कापली होती. शेजारी जमले होते, सतरंज्यांवर मंडळी बसली होती. ऐमकान वहिनी तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची परात घेऊन आली आणि मला म्हणाली, "बाई, तुमच्या औषधाने यांचं दुखणं गेलं, तोंडही गेलं असतं तर बरं झालं असतं. सकाळपासून तुमचीच पोथी चालू आहे." सगळे हसले. बेकमुर्झाने मला मानाच्या जागी बसवलं. म्हाताऱ्या शेजाऱ्याने हात उचलून माझ्यासाठी आशीर्वाद मागितले, माझ्या हातून आणखी माणसं वाचोत म्हणून. माझेही तळवे त्याच्याबरोबर चेहऱ्यावरून फिरले, दुआ संपवताना फिरवतात तसे. एकाने विचारलं की त्याच्या बायकोलाही हे औषध मिळेल का. बेकमुर्झा माझ्याआधीच म्हणाला, "रांगेत उभा राहा. आधी मी, मग ससे, मग तुझी बायको."

दिवस असाच गेला. संध्याकाळच्या बसला तो मला पोचवायला आला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बीट काढायला सुरुवात झाली होती, ढीग लागले होते. तो म्हणाला की उद्यापासून तोही ट्रकवर जाणार, माणसं कमी आहेत. मी म्हटलं, नको जाऊ. तो म्हणाला की मग तू एवढी शिकलीस कशाला, मी बसून खावं म्हणून?

थांब्यावर मी बाटली काढली. "बाइके," मी म्हटलं, थोरल्या भावाला आम्ही असंच म्हणतो, "या गोळ्या पुन्हा सुरू करा. रोज दोन."

त्याने बाटली ओळखली. "तुझे प्रोफेसर म्हणाले होते, एका वेळी एकच."

"आता दोन्ही चालतं."

"खरंच चालतं?"

"चालतं."

तो माझ्या हाताकडे बघत होता. "लहानपणापासून बघतोय, खोटं बोललीस की वेणी ओढतेस." मी हात खाली केला. त्याचा आवाज मऊ झाला. "माझी काळजी वाटते म्हणून नियम मोडतेस, होय ना? समिती यायची आहे. उद्या त्यांना कळलं की स्वतःच्या भावाला हिने चोरून दुसरं औषध दिलं, तर तुझी सगळी वर्षं पाण्यात. माझ्यापायी तुझं काम नासवू नकोस, पोरी."

तेव्हा बोलायला हवं होतं. सहा शब्दांचं काम होतं, ससे डोंगरावर होते, औषध खोटं आहे. बस वळणावर दिसत होती. दिवसभर पाहिलेला त्याचा चेहरा समोर होता आणि तो चेहरा कसा होईल ते मला बघायचं नव्हतं. वाटलं, बारा तारखेनंतर सांगू. मी म्हटलं, माझी शपथ आहे, घ्या. त्याने बाटली कोटाच्या आतल्या खिशात टाकली, खिसा थोपटला आणि म्हणाला, "घेतली. चढ आता."

मी समजले की गोळ्या घेणार.

दहा तारखेला, बुधवारी दुपारी संस्थेत फोन आला. बिटाच्या ढिगापाशी ट्रकची मागची फळी लावताना तो खाली बसला. बरोबरचे म्हणाले, आधी हसला, म्हणाला की मिनिटभर थांबा. मग आडवा झाला.

मी पोचले तेव्हा अंगणात तंबू उभा झाला होता. त्याला आत डाव्या बाजूला ठेवलं होतं आणि पडद्याच्या अलीकडे घरच्या बायका तंबूच्या भिंतीकडे तोंड करून शोकगीत म्हणत होत्या. आमच्यात मेलेल्याचं सगळं चांगलं त्या गाण्यातून सांगावं लागतं. बायको सांगते, लेकी सांगतात, बहीणही सांगते. सांगितलं नाही तर तो कुणाचा नव्हताच असं होतं. वहिनीने माझ्यासाठी शेजारी जागा केली. मी बसल्यावर तिने गाणं न थांबवता हात मागे नेला आणि माझ्या मांडीवर काहीतरी ठेवलं. ती बाटली होती. मेण जसंच्या तसं होतं.

सुरांमध्ये श्वास घ्यायला जागा असते, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "खिशात होती. मी सकाळी म्हणायचे, घ्या, बाईंनी दिल्यात. तर म्हणायचे, तिचं काम खराब होईल. तुमचं ते कडू मात्र आज सकाळीही घेतलं."

माझी पाळी आली. जाकिटाचं आणि बुटांचं सांगायला सुरुवात केली. बाकीच्या बायका प्रत्येक ओळीमागे हुंदका देत होत्या, तशी रीतच आहे. मग त्याच चालीत, त्याच सुरात माझ्या तोंडून पुढचं यायला लागलं. औषध रिकामं होतं. ससे डोंगरावर होते. मला दोन आठवड्यांपूर्वी कळलं आणि मी अंगणात बसून मेंढी खाल्ली. बसथांब्यावर मी वेणी ओढली. बायका प्रत्येक ओळीमागे हुंदका देत राहिल्या. नंतर कळलं, त्यांना वाटलं होतं की दुःखाने मला भ्रम झाला. एका म्हातारीने माझ्या डोक्यावरून पाणी ओवाळून टाकलं.

ऐमकान वहिनी मात्र गायची थांबली होती. भिंतीकडे तोंड ठेवायचा नियम मोडून तिने माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा तोंड फिरवून गायला लागली. त्यानंतर ती माझ्याशी थेट बोलली नाही. सातव्या दिवसाला, चाळिसाव्याला, वर्षश्राद्धाला मी गेले. तिने माझ्यापुढे चहा ठेवला, उजवा हात छातीशी नेला, जसा परक्यासाठी नेतात. मुलांना सांगायची, आत्याला विचारा साखर हवी का.

समितीने बारा तारखेला होकार दिला. मी तेव्हा गावी होते. सातवा दिवस करून परतले, सगळं कागदावर लिहिलं, खाली बुरुलचा आपाने सही म्हणून बरोबरची खूण केली आणि तो कागद मी मॉस्कोला पाठवला. होकार मागे घेतला गेला. उरलेल्या एकोणचाळीस जणांच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. त्यांच्यातले दोघे त्या हिवाळ्यात गेले. कशाने, ते मला सांगता येणार नाही. प्रोफेसरांनी निवृत्ती घेतली. माझ्यावर त्यांनी राग धरला नाही, दरवर्षी वसंताच्या सणाला कार्ड पाठवत राहिले. मी एकाही कार्डाला उत्तर दिलं नाही.

हिवाळ्यात मी प्रयोग पुन्हा केला. लाल आणि निळे, सगळे एकाच तळघरात, चाळीस दिवस. बुरुलचा आपा रोज सकाळी मला बोलावून मोजून दाखवायची की सगळे जागेवर आहेत. हृदयं रंगवून मी ट्रे खिडकीपाशी नेला. दोन्हीकडे पांढरं सारखंच होतं.

वेळेवर गोळ्या घेतल्या असत्या तर बेकमुर्झा जगला असता का, हे मला आयुष्यभर तरुण डॉक्टर विचारत आले. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, असं मी त्यांना सांगते. मी त्यांना शिकवलेलंही तेच. आता माझंही हृदय अडखळतं. त्याच जातीच्या गोळ्या रोज सकाळी घेते, नव्या नावाच्या, नव्या वेष्टनातल्या. ती जुनी बाटली कपाटात आहे. तिचं मेण मी कधी फोडलं नाही.